राजकन्येचा ठसा

एका राज्यात एक राणी होती, हेमप्रभा तिचं नाव. तिला एकुलती एक लेक, कुमुद. आणि या लेकीचा ठसा कुठंही उमटत नसे. ओल्या मातीतून धावली तरी पाऊल उठत नसे, लोण्यात बोट घातलं तरी खूण राहत नसे.

झालं होतं असं. धूम्रकेश नावाच्या जादूगारानं आपल्या खोट्या सनदेवर राजमुद्रेचा ठसा मागितला. राजानं नाही म्हटलं. जादूगार गुरकावला, "ठशाचा एवढा तोरा? मग तुझ्या लेकीचा ठसा जगात उमटणारच नाही. पाचवं वर्ष लागताच ती हवेत विरून जाईल!" घ्या! भांडण थोरांचं आणि भोगायचं पोरीनं.

पोर दिवसेंदिवस विरळ होत चालली. उन्हात उभी राहिली की पलीकडची तुळस दिसे. राणीनं धसकाच घेतला. लेकीचा हात ती क्षणभर सोडत नसे.

पाचवं लागायच्या आदल्या दिवशी खिडकीत साळुंकी येऊन बसली. म्हणाली, "राणी, लेकीनं तीन ठसे उमटवावे. एक पानाचा, एक भाजीचा, एक हाताचा. शाप सुटेल."

राणीनं हळदीत चुना कालवून लाल रंग केला. पिंपळपानाला शिरांच्या बाजूनं रंग लावला आणि कुमुदचा हात आपल्या हातात धरून पान कापडावर दाबलं. शीर न् शीर उमटली. मग भेंडी आडवी चिरली, तशीच दाबली, फूल उमटलं. शेवटी लेकीचा पंजा रंगवून वरून स्वतःच चेपला. पाची बोटं कशी रेखीव! पण पोर होती त्याहून विरळ झाली.

"असं का झालं?" राणी कळवळून म्हणाली.

"या ठशांत जोर कुणाचा होता?" साळुंकीनं विचारलं.

राणीनं आपल्या मुठीतल्या लेकीच्या हाताकडे बघितलं. हात सोडायचा? आणि तेवढ्यात विरून गेली तर?

"आईसाहेब, सोडा ना. मी करते," कुमुद म्हणाली. आवाजसुद्धा लांबून आल्यासारखा.

राणीनं डोळे गच्च मिटले आणि हात सोडला.

कुमुदनं भेंडी रंगात बुचकळली अन् कापडावर आपटली. फूल कसलं, नुसता फराटा! पान उलटंच लावलं, अर्धं उमटलं. मग रंगात पंजा बुडवून तिनं तो थेट पांढऱ्या भिंतीवर थापला. वाकडा, ओघळलेला, करंगळी गायब. पण ठसा राहिला.

राणीनं डोळे उघडले. समोर लेक उभी होती, भरल्या गालांची, नाकावर रंग, पायाशी काळीभोर सावली. राणी तिला कवटाळायला धावली, तर ती सांडलेला रंग तुडवत निसटली आणि रंगल्या पावलांनी थेट दरबारात पळाली. राजा सिंहासनावरून उठून ती पावलं बघत राहिला, आणि कुणी पुसायला फडकं आणलं तर त्यालाच ओरडला.

तेव्हापासून त्या राज्यात पोरंबाळं असलेल्या घराची भिंत कधी स्वच्छ राहिली नाही. तुमचीही न राहो.