खोट्या शब्दाचं पाखरू

एका राज्यात शब्दांचा कोश होता, पण तो पोथीत नव्हता, झाडावर होता. नगराच्या वेशीबाहेर एक अफाट औदुंबर, त्यावर हजारो पाखरं, आणि एकेका पाखराच्या चोचीत एकेक शब्द. ज्याला शब्द आठवेना त्यानं झाडाखाली यावं, पाखरानं शब्द सांगावा, अर्थ सांगावा, आणि माणसानं आपल्या वाटेनं जावं. या झाडाची कोशपाल होती शाल्मली. तिनं हात पुढे केला की पाखरं आपणहून उतरत, आणि तिलाही त्यांच्यावाचून करमत नसे.

पुढे काय झालं, डोंगरापलीकडून छायाधर नावाचा मांत्रिक आला. आळशी इतका, की मिश्यासुद्धा दुसऱ्याच्या बघून वाढवलेल्या. त्यानं औदुंबरासमोर एक वाळकं झाड रोवलं, औदुंबरावरच्या पाखरांच्याच सावल्या पळवून त्यांची पाखरं केली, आणि ती तिन्हीसांजेला औदुंबराकडे कान देऊन बसू लागली. सावलीनं शब्द उचलला की खरं पाखरू मुकं होई, आणि तो शब्द साऱ्या राज्याच्या तोंडून पुसला जाई. 'मीठ' गेलं, माणसं अळणी जेवली. 'थांब' गेलं, नावा घाट सोडून पुढे वाहत गेल्या. आणि एका संध्याकाळी 'आई' गेली.

शाल्मली घरी आली तेव्हा तिची लेक मंजुळा उंबऱ्यात उभी होती. पोरीनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. काही आलं नाही. दारोदारी पोरं तशीच उभी होती. हा शब्द परत आणायचा, मग आपलं काहीही होवो, असं शाल्मलीनं मनाशी ठरवलं.

छायाधर तर उलट दरबारात जाऊन उभा राहिला. "महाराज, हे शब्द मी रानोमाळ हिंडून लोकांच्या तोंडून वेचले. खरा कोश माझा. औदुंबर तोडावा."

राजा भद्रकेतु न्यायी, पण पुराव्यावाचून पाऊल न टाकणारा. तो म्हणाला, "शाल्मली, चोरी सिद्ध कर. अमावास्येपर्यंत न झाली, तर झाडावर कुऱ्हाड पडेल."

शाल्मलीनं पहिला सापळा लावला. तिच्या पणजीखेरीज कुणालाच ठाऊक नसलेला, एका बुडालेल्या बेटावरचा शब्द तिनं झाडावर बसवला. सावलीनं तो उचलला. छायाधर म्हणाला, "मलाही पणजी होती."

मग दुसरा. झाडावर एक बोबडं पाखरू होतं, ते तळ्याला 'तलं' म्हणे. मांत्रिकाची सावलीही 'तलं' म्हणू लागली, आणि राजवाड्यासमोरचं पाणी बिननावाचं झालं. छायाधर म्हणाला, "मी ज्यांच्याकडून वेचला, ते काठावरचे लोक बोबडेच होते." दरबार हसला, पण पुरावा काही झाला नाही.

तेव्हा औदुंबराच्या ढोलीतला म्हातारा पिंगळा बोलला, "बाई, खऱ्या शब्दाला कुठं ना कुठं तोंड सापडतंच. कुणाच्याच तोंडी नाही असा शब्द पेर. काट्यानं काटा काढ."

"पाखराला खोटं पढवू?"

"पढव. पण शाप ठाऊक आहे ना? कोशपालानं खोटं पढवल्याचं ज्या क्षणी कबूल केलं, त्या क्षणापासून एकही पाखरू त्याला ओळखणार नाही."

शाल्मलीनं वर पाहिलं. तिच्या हातचा दाणा न खाल्लेलं पाखरू त्या झाडावर नव्हतं. तिला रडू आलं, आणि ती पोटभर रडली. मग डोळे पुसून तिनं एक पांढरं पिल्लू जवळ घेतलं आणि एक शब्द रचला. 'रुंझळ : चांदणं वाळलं की अंगणात उरते ती पांढरी भुकटी.'

सकाळी पिल्लू मुकं झालेलं होतं. तो शब्द शाल्मलीच्याही ओठांवरून गेला होता, पण आपण रचलेला शब्द चोरीला गेला एवढं तिला पक्कं कळलं. राज्यात मात्र कुणाचंच काही हरवलं नाही. हरवायला आधी जवळ तर हवं! शाल्मली कितीतरी दिवसांनी हसली.

अमावास्येला न्यायसभा औदुंबराखालीच भरली. शाल्मली खांद्यावर पिल्लू घेऊन आली. "महाराज, त्या वाळक्या फांदीच्या टोकाची, या पिल्लाच्या आकाराची सावली बोलती करावी."

सावली म्हणाली, "रुंझळ. चांदणं वाळलं की अंगणात उरते ती पांढरी भुकटी."

राजानं विचारलं, "छायाधरा, हा शब्द कुठून वेचलास?"

"उत्तरेच्या घाटातल्या एका वृद्ध गवळणीकडून. तिच्या अंगणातली रुंझळ मी ओंजळीनं उचलली आहे, महाराज. डोळ्यांत घातली की दृष्टी निवळते."

"शपथेवर सांगतोस?"

"शपथेवर."

नक्कल करायलाही अक्कल लागते, ती याच्याजवळ कुठली! शाल्मली पुढे आली. "महाराज, अशी भुकटी नाही आणि अशी गवळण नाही. हा शब्द मी रचला. मी या पिल्लाला खोटं पढवलं."

ती एवढं बोलली मात्र, खांद्यावरचं पिल्लू दचकून उडालं. झाडावरच्या एकूण एक पाखरानं तिच्याकडे पाठ फिरवली. त्या शापाची खूण राज्यात पोराबाळांनाही ठाऊक होती, त्यामुळे दुसरा पुरावा कुणी मागितला नाही.

वाळकं झाड मोडून पडलं. सावल्या आपापल्या पाखरांच्या पायाशी परतल्या. छायाधराची स्वतःची म्हणून एकच सावली उरली, ती घेऊन तो वेशीबाहेर गेला. औदुंबर एकदम बोलू लागला आणि नावा घाटाला थांबल्या. शाल्मलीनं सवयीनं हात पुढे केला. एकही पाखरू आलं नाही. ती हात तसाच धरून उभी राहिली.

गर्दीतून कुणीतरी तिचा पदर ओढला.

"आई," मंजुळा म्हणाली, "भूक लागली."

"काय म्हणालीस?"

"भूक लागली म्हटलं."

"त्याच्या आधी काय म्हणालीस?"

"आई!" पोर वैतागून ओरडली.

जसे त्यांचे शब्द त्यांच्या तोंडी परतले, तसे तुमचे तुमच्या तोंडी नांदोत.