उंबरगडात वीज वाढली!

"वीज वाढली होऽऽ!" भालदार ओरडला आणि उंबरगडच्या दरबारातले सगळे पंखे थांबले.

भुजंगराव महाराज खूश! "पुन्हा वाढली? अहो, सकाळीच तर वाढली होती! दिवाणजी, विजेवरची पट्टीही वाढवा!"

भानगड अशी होती की महाराज शकुन-अपशकुन भलतेच मानायचे. दरबारात 'गेली', 'विझली', 'संपली' असले शब्द कोणी काढायचे नाहीत, काढले तर दंड. आता बांगडी फुटली की आपण वाढली म्हणतो, नारळ फोडला की वाढवला म्हणतो. त्याच चालीवर दरबारी मंडळी वीज गेली की 'वाढली' म्हणू लागली. महाराजांनी त्याचा सरळ अर्थ घेतला! पंखे का थांबले असं त्यांनी एकदा विचारलं, तर दिवाण म्हणाले, "वीज इतकी वाढली, की पंख्यांना पेलवेना." महाराजांना ते पटलंसुद्धा. राजाला काय पटेल याचा नेम नसतो.

तिकडे गावात न्हाव्याचं यंत्र मध्येच थांबायचं आणि माणसं अर्ध्या डोक्याने घरी जायची. पण सगळ्यात वाईट हाल कौतिकचे. तिची पिठाची गिरणी होती, आणि पोटाला दुसरं काही नव्हतं. वीज गेली की जात्यात दाणे अडकायचे, ते हाताने उपसून काढावे लागायचे, आणि त्यावर ही रोज वाढणारी पट्टी!

त्या दिवशी ती अर्धवट भरडलेल्या ज्वारीची पाटी घेऊन थेट दरबारात शिरली.

"महाराज, वीज वाढत नाही, जाते!"

दिवाणांनी कानांवर हात ठेवले. मग महाराजांनी डोळे वटारल्यावर त्यांना खरं सांगावंच लागलं. "म्हणजे तसं... वाढली म्हणजे जरा... नसते, महाराज."

महाराज ओशाळले. पण ओशाळलेला राजा जास्तच हट्टी होतो. "नसते तर नसते! शब्द तोच राहील आणि पट्टीही तीच राहील! वीज नसली तर लोकांचं असं काय नुकसान होतं?"

"नुकसान कसलं?" दिवाण लगबगीने म्हणाले. "वीज नाही, म्हणजे वापर नाही. वापर नाही, म्हणजे पैसे नाहीत. लोकांची चक्क बचत होते!"

"ऐकलंस?" महाराज कौतिककडे वळले. "तरी नुकसान होतं म्हणतेस, तर त्याची किंमत सांग. पण आकडा तू काढायचा नाहीस, कारण तू वाढवून सांगशील. माझ्या तोंडून आपोआप निघाला तरच खरा! आणि 'गेली' हा शब्द पुन्हा काढायचा नाही. संध्याकाळच्या आत जमलं नाही, तर गिरणी सरकारजमा!"

कौतिकने हातातल्या ज्वारीच्या पाटीकडे पाहिलं. गिरणी नाही तर खायचं काय? पण खायचा विचार आला आणि तिचे डोळे चमकले.

"जमेल, महाराज. फक्त आजचं जेवण माझ्या हातचं घ्या. वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी!"

महाराजांच्या तोंडाला तिथेच पाणी सुटलं.

मुदपाकखान्यात वांगी भाजली गेली. लसणाची फोडणी बसली. वास दरबारात शिरला आणि राज्यकारभार बंद पडला. महाराज तासभर आधीच पाटावर जाऊन बसण्याच्या बेतात होते, दिवाणांनी कसंबसं धरून ठेवलं.

शेवटी कौतिक दारात आली. "चला महाराज, पान वाढलं!"

महाराज धावले. पाट होता, रांगोळी होती, चांदीचं ताट होतं. ताटात काहीच नव्हतं!

"अगं, पान वाढलं म्हणालीस ना?"

"दरबारी भाषेत वाढलं, महाराज. वाढलं म्हणजे जरा नसतं."

"थट्टा पुरे! माझा हुकूम आहे, भाकरी आण!"

"हुकूम तर मी पण रोज सोडते, गिरणीच्या मोटारीला. ऐकते कुठे?"

"मग कधी येणार भाकरी?"

"ते सांगता यायचं नाही. मुख्य चुलीत बिघाड आहे. काम चालू आहे."

महाराजांचं पोट असं गुरगुरलं, की भालदाराने भाला सावरला. कौतिक मात्र दिवाणांना म्हणाली, "अभिनंदन, दिवाणजी! चार आण्यांची भाकरी महाराजांनी खाल्ली नाही. चक्क चार आण्यांची बचत!"

"खरंच की," दिवाण सवयीने बोलून बसले.

"बचत?" महाराज ताडकन उठले. "चार आणे गेले खड्ड्यात! या घटकेला कोणी एक भाकरी देईल, त्याला शंभर मोहरा मोजीन!"

कौतिकने टाळी वाजवली. "निघाला आकडा! तुमच्याच तोंडून, आणि आपोआप! भाकरी तीच, महाराज. ताटात असली तर चार आण्यांची, ऐन भुकेला नसली तर शंभर मोहरांची. वीज नसते तेव्हाची किंमत अशीच काढायची, बिलावरून नाही, भुकेवरून! आणि हो, आत्ता 'गेले' कोण म्हणालं? दंड कोणाकडून घ्यायचा?"

महाराज असे खदाखदा हसले, की समोरचं रिकामं ताट खणखणलं. दिवाणही हसले, पण जरा बेताने.

भरीत आलं, भाकऱ्या आल्या. तिसऱ्या भाकरीला महाराजांनी पट्टी रद्द केली. चौथीला शंभर मोहरा कौतिकच्या ओंजळीत पडल्या. पाचवीला तर ते इतके विरघळले, की बोटं चाटत ओरडले, "दिवाणजी, हिचं इनाम वाढवा!"

कौतिकने ओंजळ झटकन पदराखाली लपवली.

"वाढवू नका, महाराज! आहे तेवढं राहू द्या!"