निर्भेळ खिळा आणि कोळशाची इस्त्री

शिंप्याची अवजारं शिंप्यापेक्षा जास्त बडबडायची, त्या काळातली ही गोष्ट. शिंप्याच्या फळीवर एक खिळा राहायचा. आपण निर्भेळ लोखंड आहोत, याचा त्याला भारी तोरा. अंगाला काळं लागेल म्हणून तो कोळशाच्या इस्त्रीजवळ फिरकायचासुद्धा नाही. पोलादी सुईला तर रोज हिणवायचा, "सुईबाई, तुमच्या लोखंडात कोळसा कालवलाय म्हणे! शी!"

एकदा लोहचुंबक पाहुणा आला. त्याने खिळा आणि सुई दोघांच्या अंगावरून हात फिरवला. खिळ्याच्या पोटातले कण झटकन एका दिशेला तोंड करून उभे राहिले, आणि खिळ्याने पाच टाचण्या उचलल्या. सुईचे कण मात्र कोळशाला अडखळत, कुरकुरत वळले. तिने जेमतेम एक उचलली.

"कोळसा, दुसरं काय!" खिळा फिदीफिदी हसला.

दुसऱ्या दिवशी चुंबक गावी परतला आणि नेमकी एक टाचणी फळीच्या फटीत पडली. ती रडू लागताच खिळा ऐटीत फटीत उतरला. टाचणी जागची हललीसुद्धा नाही. चुंबकाची पाठ फिरताच खिळ्याचे कण वाटेल तिकडे तोंडं करून बसले होते! मग सुई दोऱ्याला लोंबकळत खाली गेली आणि टाचणीला घेऊनच वर आली.

"हे कसं काय जमलं?" खिळ्याने विचारलं.

"माझे कण वळताना फार छळतात, खिळेभाऊ. पण एकदा वळले की कोळसा त्यांना मागे फिरू देत नाही."

खिळा हळूच इस्त्रीला जाऊन चिकटला. म्हणाला, "ताई, चिमूटभर कोळसा मिळेल का?"