वरचा एक आणि धनेशाची चोच

एका राज्यात सात तळी होती आणि एक जुनी रीत होती. कोणी पाच फळे मागितली तर सहा द्यायची, दहा मागितली तर अकरा. त्या जास्तीच्या एकाला लोक 'वरचा एक' म्हणत आणि फार शुभ मानत. रीत मोठी गोड होती, मी तिला नावे ठेवणार नाही. पण त्याच रीतीपायी राजाचा दगड झाला, ते ऐका.

एके साली सातही तळी आटली. गुरे तळाच्या चिखलात रुतू लागली. दूर काळ्या डोंगरात धूम्राक्ष नावाच्या जादूगाराने जलरत्ने ठेवली होती. एक रत्न तळ्यात टाकावे, तळे काठोकाठ भरावे. राजा पद्मकेतू ती आणायला गेला आणि परत आलाच नाही. त्याचा घोडा तेवढा रिकाम्या खोगिराने परतला.

तेव्हा राणी सौदामिनीने कंबर कसली. प्रधान म्हणाले, "सैन्य सोबत न्यावे."

राणी म्हणाली, "सैन्याला पाजायला पाणी कुठे आहे? आहे ते प्रजेला वाटा. मी एकटी जाते."

काय ती बाई! डोळे भरून आले होते, पण खोगीर तिने स्वतःच्या हाताने आवळले.

डोंगरातल्या गुहेच्या तोंडाशी एक धनेश पक्षी बसला होता. चोच त्याची हातभर लांब.

"थांब, राणी," तो म्हणाला. "तुझा राजा आत दगड होऊन उभा आहे. वाटेत तीन दारे आहेत. ती माणसाच्या बोलीत सांगतात, पण माणसाची बोली ऐकत नाहीत."

"असे का?"

"रत्ने न्यायला येणारे लोक 'थोडेच नेतो' म्हणत आणि गाड्या भरून नेत. 'बदल्यात पुष्कळ दिले' म्हणत आणि चिमूटभर देत. धूम्राक्ष संतापला. तेव्हापासून दारांना फक्त खुणा कळतात. दार सांगेल त्याची खूण इथे पडलेल्या या पितळी कांड्यांनी मांडायची आणि तसेच वागायचे. चुकलीस तर दगड."

"मला खुणा येत नाहीत. शिकवाव्या."

राणी असून तिने 'येत नाही' म्हटले, हे मला फार आवडते. पक्ष्यालाही आवडले. त्याने चोच उघडली.

"माझी चोच पाहा. जिकडे अधिक, तिकडे ती उघडते. जिकडे उणे, तिकडे तिचे टोक. आणि बरोबरीचेही चालत असेल, तर चोचीखाली एक काडी. एवढेच."

पहिले दार बोलले, "उंबऱ्यावर दिवे लाव. पाचांहून कमी."

राणीने दोन कांड्यांची चोच मांडली: दिवे < ५.

"काडी?" पक्ष्याने विचारले.

"नको. कमी म्हटले आहे. पाच चालणार नाहीत."

तिने चार दिवे लावले. दोन लावले असते तरी दार उघडले असते, एक लावला असता तरीही. खूण एवढीशी, पण तिच्यात सगळे मावते, याचे मला अजून नवल वाटते. चौथा दिवा लागला आणि राणीचा हात आपोआप पाचव्याकडे गेला. वरचा एक! लहानपणापासून अंगवळणी पडलेला. वात पेटणार, तोच तिने हात मागे घेतला. दार उघडले. राजाचे काय झाले असेल, याची तिला अंधूक कल्पना आली.

दुसऱ्या दारापुढे एक वाळलेले झाड होते. दार बोलले, "याला पाणी घाल. किमान नऊ ओंजळी."

राणीने मांडले: ओंजळी ≥ ९. मग तिने बुधलीतले पाणी ओतायला घेतले. नववी ओंजळ घातली आणि बुधली कोरडी पडली. राणीचा चेहरा उतरला.

"वरची एक उरली नाही," ती म्हणाली.

"चोचीखाली काय मांडलेस?"

"काडी."

"मग?"

बोलता बोलता झाडाला पालवी फुटली आणि दार उघडले. मागितले तेवढेच देऊनही ते पुरते, हे राणीला जन्मात पहिल्यांदा कळले.

पक्षी म्हणाला, "यापुढे मला यायची आज्ञा नाही. घाई करू नकोस."

तिसरे दार उघडेच होते आणि आत राजा उभा होता. नखशिखांत दगड. उजव्या हातात निळी रत्ने, डावी मूठ छातीशी मिटलेली. त्याला पाहून राणीच्या काळजाचे पाणी झाले. तेवढ्यात दार बोलले, "रत्ने घे. सातांहून अधिक नको."

तिच्या कानात 'अधिक' एवढेच घुमले. तिने दाराजवळच्या दगडी ओट्यावर घाईने मांडले: रत्ने > ७.

पाऊल जड झाले. घोटा दगड झाला, मग गुडघा. दुसरी कोणी किंचाळली असती. राणीने मात्र डोळे मिटले आणि स्वतःशीच बोलू लागली, "नको काय आहे? अधिक नको. आठ नको, नऊ नको, शंभर नको. मग काय चालेल? सहा चालतील, पाच चालतील, एक चालेल. आणि सात? सात काही सातांहून अधिक नाहीत. सात चालतील."

तिने चोच फिरवली आणि खाली काडी ठेवली: रत्ने ≤ ७.

गुडघे मोकळे झाले. पण राजा दगडच. राणीने त्याच्या उजव्या हातातली रत्ने मोजली. सात होती. मग तिची नजर डाव्या मुठीकडे गेली. बोटांच्या फटीतून निळा उजेड झिरपत होता.

"हे आठवे कशाला?" तिने विचारले.

गुहेच्या अंधारातून धूम्राक्षाचा आवाज आला, "तो म्हणाला होता, सात माझ्या तळ्यांसाठी आणि वरचे एक माझ्या राणीसाठी."

राणी खाली बसली आणि पोटभर रडली. मग उठून तिने त्या दगडी मुठीवर हात ठेवला.

"महाराज, माझ्या नावाचे आहे, म्हणून मीच ते परत करते. मला आपण हवे आहात."

घणानेही उघडली नसती ती मूठ उघडली. राणीने आठवे रत्न भिंतीतल्या रिकाम्या कोनाड्यात परत ठेवले, आणि राजाने श्वास घेतला.

"देवी, तुझे रत्न?"

"जागेवर आहे. सात पुरे आहेत, महाराज."

तिन्ही दारे गळून पडली, धूम्राक्षाची जादू सरली. धनेश राजाच्या छत्रावर बसून नगरात आला. सातही तळी भरली. राजाने नगराच्या वेशीवर चोच आणि काडी कोरून घेतली आणि दवंडी पिटवली, "देताना वरचा एक जरूर द्यावा. घेताना सांगितल्याहून अधिक घेऊ नये."

सातवे तळे भरले तेव्हा राजा काठावर वाकला, ओंजळभर पाणी घेतले आणि राणीपुढे धरले.

"हा वरचा एक," तो म्हणाला. "आता देतो आहे."

राणी त्याच्या ओंजळीतून ते पाणी प्याली. जसे त्यांना पुरले, तसे तुम्हा-आम्हाला पुरो.