लडाखचं ठिगळ

मोटारसायकलींनी बोलणं सोडलं होतं, पण जाकिटं अजून बोलत होती, तेव्हाची ही गोष्ट. एका बुलेटस्वाराची दोन जाकिटं शेजारी टांगलेली असत. नव्याच्या छातीवर दुकानातून आणलेले कापडी बिल्ले होते: लडाख, स्पिती, कच्छ. जुन्याच्या कोपरावर नुसतं एक ठिगळ.

"आजोबा, हे कुठल्या क्लबचं?" नव्याने खिजवलं.

"घाटात घसरलो होतो, बाळा. मालकाचा हात वाचला."

दुसऱ्याच दिवशी डेअरीसमोरच्या गतिरोधकावर नवं जाकीट मालकासकट आडवं झालं. कोपर फाटलं. शिंप्याने छातीवरचं लडाख उसवून भोकावर शिवलं.

खुंटीवर परतल्यावर जुन्याने विचारलं, "काय रे, लडाख फार लांब आहे का?"

"छे हो आजोबा," नवं जाकीट कोपर लपवत म्हणालं, "डेअरीसमोरच आहे."