खेकड्याने पारखलेली माती

खाडीच्या काठावर, बांधाच्या आतल्या रानात उंदरांची एक वसाहत होती आणि त्या वसाहतीत एक तरुण उंदरीण राहत असे. तिला धीर म्हणून नव्हता. मूग पेरले की दुसऱ्याच सकाळी ती माती उकरून कोंब शोधायची. यंदा मात्र कोंब आलेच नाहीत. उन्हाळ्यातल्या मोठ्या उधाणात बांध फुटला होता आणि खाडीचे पाणी कितीतरी दिवस शेतात साचून राहिले होते. पुढे बांधाचे भगदाड बुजवले, पाणी ओसरले, पेरणी झाली, पण शेत उघडेच राहिले. चुकून एखादे रोप वर आलेच, तर ते खुरटून जायचे आणि त्याच्या पानांच्या कडा करपायच्या.

वसाहतीची प्रमुख होती एक जाडजूड घूस. पेरणीआधी तिने खेकड्याला बोलावून माती दाखवली होती. जन्मभर चिखलात राहिलेला तो, त्याच्याइतकी मातीची पारख आणखी कोणाला असणार? खेकड्याने चिमूटभर माती तोंडात टाकली, मिटक्या मारल्या आणि अशी चवदार माती सात गावांत मिळणार नाही असे सांगितले. मग दोष कोणाचा? घूस म्हणाली, "बियाणंच आळशी आहे. उद्या संध्याकाळी उरलेले मूग खाऊन टाकू." सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटले. उंदरिणीने मात्र कोठारात डोकावून पाहिले. कोठारात होते तेवढेच शेवटचे बियाणे. ते संपले की पेरणी संपली, आणि मग हे रान सोडून जाण्यावाचून गत नव्हती.

ती तडक शेतात गेली आणि एक बी उकरून काढले. मुलांनो, माती चांगली ओली होती, पण बी पेरले होते तसेच टणक! ओल्या मातीत कोरडे बी? तिने पंजा चाटला आणि जीभ चरचरली. मीठ! मातीतले पाणी त्या मिठानेच अडवून धरले होते, बियापर्यंत ते पोहोचतच नव्हते. तिने मूठभर बिया उकरल्या, पळत टेकडीवरच्या झऱ्याशी गेली, बिया धुतल्या आणि ओल्या पानावर ठेवल्या. मग जन्मात पहिल्यांदाच ती वाट पाहत बसली. दुसऱ्या दिवशी ऊन कलेपर्यंत मूग टम्म फुगले, साले तडकली आणि पांढरी मुळे डोकावू लागली. उंदरीण धूम पळत सुटली.

ती पोहोचली तेव्हा कोठार उघडले होते आणि पहिला मूग घुशीच्या हातात होता. उंदरीण दारातच आडवी उभी राहिली आणि तिने कोंब पुढे धरले. "मावशी, हे आपल्याच शेतातलं बी आहे. तिथे मातीतल्या मिठामुळे ते पाण्यात बसून तहानलेलं होतं."

मेजवानीला आलेल्या खेकड्याने नांग्या उगारल्या. कालच्या पोरीने आता आपल्याला चव शिकवायची का, असे त्याने विचारले.

"काका, तुमची जीभ खोटी नाही," उंदरीण म्हणाली. "पण तुम्ही खाऱ्यात वाढलात, मूग नाही वाढला. आपण शेत धुऊ आणि तुम्हीच रोज माती चाखा. ज्या दिवशी तुम्ही 'अळणी' म्हणून थुंकाल, त्या दिवशी पेरू."

सगळे खो खो हसले. घुशीने मात्र हातातला मूग खाली ठेवला.

मग काय विचारता! झऱ्यापासून शेतापर्यंत पाट खणला गेला. गोडे पाणी शेतात भरायचे, मुरू द्यायचे आणि ओहोटी लागली की बांधाच्या उघाडीतून, म्हणजे पाणी सोडायच्या दारातून, खाडीत सोडून द्यायचे. पुन्हा भरायचे, पुन्हा सोडायचे. दर खेपेला खेकड्याचे तोंड आणखी वाकडे व्हायचे. शेवटी एका सकाळी तो खरोखरच थुंकला आणि पुटपुटत खाडीकडे चालता झाला. त्याच दिवशी झऱ्यात भिजवलेले मूग पेरले गेले. माती वाळताना वरंब्याच्या माथ्यावर मिठाची पांढरी पापडी धरते हे उंदरिणीने पाहून ठेवले होते, म्हणून बी माथ्यावर न टोचता वरंब्याच्या कुशीत टोचले.

थोड्याच दिवसांत माती जागोजाग उकलली आणि वाकलेल्या मानांची हिरवी रोपे वर आली. उंदरीण या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती धावत होती. शेताच्या सखल कोपऱ्यात मात्र ती थबकली. जुन्या पेरणीतले एक खुरटे, करपलेले रोप तिथे उरले होते आणि घूस झऱ्याचे पाणी तोंडात भरून आणून त्याच्या मुळाशी सोडत होती. उंदरीण वळली आणि आणखी पाणी आणायला झऱ्याकडे पळाली.

तात्पर्य : माती कशी आहे हे ती ज्याला मानवते त्याला विचारू नये, ज्याला तिच्यात रुजायचे आहे त्याला विचारावे; आणि ते विचारल्याशिवाय कोणालाही आळशी ठरवू नये.