राजेसाहेबांचा एकच अंकल

"मी हिचा मामा" एवढंच गणबा कासार नाक्यावर म्हणाला आणि सहा महिन्यांसाठी कोठडीत जाऊन बसला.

कातळगड संस्थानात तो शब्द उच्चारायला बंदी होती. राजे उदाजीराव विलायतेत दोन वर्षं राहून आले होते. तिथल्या लोकांचं काका, मामा, आतोबा, मावसोबा सगळ्यांचं एका 'अंकल'वर भागतं, हे पाहून ते थक्क झाले होते. एवढे पुढारलेले लोक एका शब्दात सगळं उरकतात आणि आपण चार-चार शब्द उराशी धरून बसतो, म्हणूनच आपण मागे, असं त्यांनी दरबारात सांगितलं. दरबार नेहमीप्रमाणे "वा, वा" म्हणाला. दुसऱ्या दिवशी दवंडी पिटली गेली. यापुढे सगळे अंकल. जुना शब्द तोंडातून निघाला, की सहा महिने कोठडी.

गणबाची भाची येसू घरोघर फिरून बांगड्या भरायची. आईबाप लहानपणीच गेले होते, गणबानंच तिला वाढवलं होतं. पुढच्या सोमवारी तिचं लग्न होतं आणि गौरीहरापासून तिला उठवून बोहल्यावर नेणारा माणूस गजाआड होता. येसू रडली नाही. बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन ती थेट दरबारात गेली.

"महाराज, माझ्या आईच्या भावाला सोडा," ती म्हणाली.

राजे खूश झाले. "पाहिलंत? तो शब्द न वापरता हिचं काम भागलं."

"भागलं, महाराज. पण एका शब्दाच्या जागी दोन खर्च झाले. हुकूम शब्द वाचवायला काढला होता ना?"

कोपऱ्यातला एक कारकून हसला आणि लगेच खोकला. राजांचा चेहरा लाल झाला. अंकल या शब्दानं अडेल असं एक तरी काम दाखव, त्यांनी फर्मावलं. आणि तेही जुन्या चारांपैकी एकही शब्द तोंडातून न काढता! शुक्रवारी राजकन्येचं लग्न होतं, तोपर्यंत मुदत. जमलं तर गणबा सुटेल. नाही जमलं तर येसूची पेटी सरकारजमा आणि संस्थानात तिला बांगड्या विकायला कायमची मनाई.

येसूनं एकच गोष्ट मागितली. शुक्रवारी मांडवातही हुकूम काटेकोर पाळला जावा, भटजींनीसुद्धा. राजांना त्यात गैर काय दिसणार? उलट त्यांनी भटजींना बोलावून स्वतः ताकीद दिली.

त्या आठवड्यात येसू राजघराण्यातल्या सगळ्या बायकांना लग्नाच्या बांगड्या भरायला गेली. राजांच्या भावाच्या, म्हणजे धाकट्या राजांच्या, बायकोचा हात दाबताना ती सहज म्हणाली की नव्या हुकमाप्रमाणे राजकन्येला बोहल्यावर आणायचा मान अंकलचा आहे. राजांच्या बहिणीकडे तेच सांगितलं, राणीच्या बहिणीकडेही तेच. यात खोटं काहीच नव्हतं. तिन्ही बायका त्या संध्याकाळी आपापल्या नवऱ्यांना एकच गोष्ट बजावत होत्या, की या वेळी मागे राहिलात तर बघा.

शुक्रवारी मांडव माणसांनी फुलला. अंतरपाट धरला गेला. मुहूर्ताचं घटिकापात्र बुडायला आलं. भटजींनी राजांकडे एकवार पाहिलं आणि पुकारा केला, "वधूच्या अंकलनी वधूला आणावे."

तिघं एकदम उठले.

धाकटे राजे पुढे होते, पण राजांच्या बहिणीच्या यजमानांनी त्यांचा शेला धरला. राणीच्या बहिणीचे यजमान अंगानं सर्वांत आडवे, ते दोघांच्या मधून घुसले. लग्नपत्रिकेतच मला अंकल म्हणून छापलंय, असं एक म्हणाले. मी वयानं मोठा, दुसरे म्हणाले. तिसरे थेट राजकन्येच्या हाताला लोंबकळले. मागून तिघांच्या बायका त्यांना बळ देत होत्या. एकीनं दुसरीच्या माहेराचा उद्धार केला. नवरदेव अंतरपाटावरून डोकावून पाहू लागला.

राणीचे भाऊ, ज्यांचं हे काम, ते मात्र मागच्या रांगेत शांत बसून होते. सरळ माणूस. दोनदा अर्धवट उठून पुन्हा बसले. आपला हा शब्द आता चालत नाही, मग आपण तरी कसे चालणार, असा त्यांचा हिशेब.

"महाराज, मुहूर्त टळत चालला," भटजी रडकुंडीला आले.

राजे ताडकन उठले. "अरे, मामा कुठे आहे? मुलीचा मामा! मुलीला मामानं आणायचं असतं, एवढी अक्कल नाही तुम्हाला?"

राणीचे भाऊ धावले, भाचीचा हात धरून तिला बोहल्यावर घेऊन आले. घटिकापात्र बुडालं, अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. वाजंत्री थांबेपर्यंत येसू खांबाशी उभी होती. मग ती कोतवालाजवळ गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कोतवालसाहेब, हुकूम तर तुम्हाला पाठ आहे. पण कोठडी एकच आणि तीही एका माणसापुरती. आधीच्याला बाहेर काढल्याशिवाय महाराजांना कुठे बसवणार?"

कोतवालाच्या हातातला विडा खाली पडला. राजांनी येसूकडे पाहिलं, शेला फाटलेल्या आपल्या भावाकडे पाहिलं आणि मग पोट धरून हसू लागले. ते हसताहेत याची खात्री झाल्यावर दरबारही हसला.

तासाभरात गणबा मांडवात जेवायला बसला. हुकूम फाडला गेला. येसूला राजांनी पैठणी दिली आणि सोन्याच्या पाटल्यांचा जोड दिला. वर म्हणाले, "सोमवारी तुझ्या लग्नाला आम्ही येणार. पण काय गं, तुला आणायला तुझा मामा आहे. मग आम्ही तिथं कोण?"

येसूनं वाकून नमस्कार केला.

"अंकल, महाराज. ज्यांचं आमच्याशी काहीच नातं नाही, त्यांच्यासाठी शब्द फार सोयीचा आहे."